तिसरी चावी

"थांबा. कवडसा जाऊ दे."

हे म्हणताना मॅडमचा उजवा तळहात गळ्याच्या उंचीवर येऊन समोरच्याला अडवत असे. आवाज चढलेला नसे, तरी समोरचा थांबे. पोफळीच्या वाडीत ऊन सरळ येत नाही. झावळ्यांतून गळत, तुकड्यातुकड्यांनी खाली उतरतं. असा एखादा तुकडा सुपारीच्या घोसावर पडला, की छायाचित्रात तेवढी जागा पांढरी दिसते आणि संगणक तिला रोग समजतो. म्हणून तो सरकेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं. वर्षानुवर्षं असं उभं राहून ती लकब त्यांच्या हातात मुरली होती.

एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य निकालावरून तापले असताना मॅडमचा तळहात वर आला. "थांबा," त्या म्हणाल्या. प्राचार्य थांबले. आपण कशासाठी थांबलो हे त्यांना कळलं नसावं, आणि आपण काय केलं हे मॅडमनाही क्षणभराने उमगलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. विद्यार्थी मात्र पुढे वर्षभर जिन्यात एकमेकांना तळहात दाखवून हसत होते.

आमचं कॉलेज खाडीच्या अलीकडच्या माळावर आहे. मी तिथे पहिल्या वर्षाला गणित शिकवत असे. मॅडम संगणक विभागात होत्या. निवृत्त झाल्यावर मी असं काही पहिल्यांदाच लिहितो आहे, तेव्हा सांगताना कुठे अडखळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. तुम्हीही नोकरीच्या ठिकाणी अशी माणसं पाहिली असतील, जी कोणाच्याही वाटेत येत नाहीत आणि म्हणून कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. मॅडम त्यांपैकी एक होत्या, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

त्यांचं पीएच.डी.चं काम सुपारीच्या कोळेरोगावर होतं. पावसाळ्यात कोवळी सुपारी देठाशी कुजते आणि गळून पडते. डोळ्याला कळतं तेव्हा बहुतेक घोस गेलेला असतो. डोळ्याला कळण्याआधी ते संगणकाला छायाचित्रावरून कळावं, एवढाच त्यांचा हेतू. ऐकायला सोपं वाटतं. पण पोफळ उंच, घोस शेंड्याशी, खाली कायम ओल आणि डास. मॅडमनी लांब बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधला होता आणि छत्रीचं काळं कापड उसवून त्याजागी पांढरं मांजरपाट शिवलं होतं, तुलनेसाठी टिपायच्या खालच्या पानांवर ऊन मवाळ पडावं म्हणून. प्रत्येक पानाशेजारी त्या रंगांची एक पट्टी ठेवत, म्हणजे पावसाळी उजेडातला हिरवा आणि उन्हाळी उजेडातला हिरवा संगणकाला जुळवता येई.

"मॅडम, हा काय पानाचा पासपोर्ट फोटो?" दाऊदभाई विचारायचे. त्यांची वाडी रस्त्याला लागूनच होती आणि मॅडम आल्या की ते हातातलं काम टाकून येत.

"हो. पुढे बघायला सांगा त्याला."

"हसायचं का न्हाय हसायचं?"

"थांबा, दाऊदभाई. कवडसा जाऊ दे."

आणि दाऊदभाई बांबू धरून, श्वासही रोखून, पुतळ्यासारखे उभे राहत.

मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची जनरेटरची खोली. समुद्राची खारी हवा यंत्रांना खाते म्हणून तिची एकुलती एक खिडकी विटा लावून बंद केली होती. आत एक टेबल, एक पोलादी कपाट आणि त्यांच्यामध्ये मॅडमची खुर्ची अशी अडकवलेली, की त्यांना उठायचं असेल तर दारातल्या माणसाला आधी बाहेर जावं लागे. मी डोकावलो की त्या हसून म्हणत, "या सर. म्हणजे, तुम्ही आलात तर मी बाहेर येऊ शकणार नाही, पण या."

त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर जूनला नवा आदेश येई, आणि तो येईपर्यंतचे आठवडे त्या कोणाशी फारसं बोलत नसत. पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेने सांगितलेलं होतं. बाकीचे तरुण प्राध्यापक नवी मुंबईला निघून जात. मॅडमना जाता येत नव्हतं. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घर खाडीपलीकडे, आणि घरात वृद्ध सासूबाई, ज्यांना अलीकडचं काही आठवत नसे. मॅडमची संध्याकाळची बोट चुकली की सासूबाई एकट्या राहत. त्यामुळे मॅडमचं सगळं संशोधन सकाळची बोट आणि संध्याकाळची बोट यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेलं होतं. वाडीत ऊन मनासारखं मिळायला लागावं आणि त्यांनी घड्याळ पाहून छत्री मिटावी, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता चाव्यांबद्दल सांगायला हवं.

काम सुरू करण्याआधी मॅडमना वाडीवाल्यांची परवानगी हवी होती, आणि वाडीवाले ती देईनात. कारण सरळ होतं. कोणाच्या वाडीत रोग आहे हे पीक उतरण्याआधी व्यापाऱ्याच्या कानावर गेलं, तर तो भाव पाडतो. रोग प्रत्येक वाडीत असतो, पण प्रत्येक जण तो शेजारच्या वाडीत आहे असं सांगतो. गावच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मॅडम छायाचित्रं सुरक्षित कशी ठेवणार ते समजावत होत्या, आणि समोरची माणसं आदराने ऐकून काही न समजल्यासारखी बसली होती. मी कोपऱ्यात होतो. त्यांनी मला बांबू धरायला नेलं होतं.

मध्येच त्या थांबल्या आणि गाभाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "देवीचे दागिने तुम्ही कुठे ठेवता?"

"पेटीत," एक जण म्हणाला.

"चावी कोणाकडे असते?"

"तीन कुलपं हायत. तीन चाव्या, तीन मानाच्या घरांत. तिघं एका टायमाला आले तरच पेटी उघडती."

"मग हेही तसंच. फोटो एका पेटीत. चावीचे तीन भाग, तीन माणसांकडे. तिघांनी एकत्र आपापला भाग घातल्याशिवाय मलाही दिसणार नाहीत."

सभामंडपात हालचाल झाली. आता त्यांना समजलं होतं. मागून कोणीतरी विचारलं, "आन एकानं चावी न्हाय दिली तर?"

"तर उघडणार नाही."

"मंग ठीक हाय," तो माणूस म्हणाला. त्यावर एका म्हाताऱ्या मानकऱ्यांनी हसत सांगितलं, की एका वर्षी त्यांच्या चुलत्याने रुसून चावी दिली नाही आणि देवी पालखीत नुसत्या फुलांवर बसून फिरली. "काय बिघडलं न्हाय. जरा साधी दिसली, येवढंच."

परवानगी मिळाली. पण मॅडमचे गाईड मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत होते, आणि त्यांना हे पटलं नाही. संगणकाच्या क्षेत्रात असं कोणी करत नाही, तीनपैकी कोणतेही दोन भाग पुरेत अशी सोय ठेवायची असते, एखादा भाग हरवला तर काय, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबरच होतं. मॅडमनाही ते माहीत होतं. "पण सर, मी तिथे तिघं म्हणून सांगून आले," एवढंच त्या म्हणत राहिल्या. आणि त्यांनी तसंच बांधलं, देवळातल्या पेटीसारखं, एकही जादा चावी न ठेवता.

एक भाग त्यांच्याकडे, एक गाईडकडे. तिसरा माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं. मी चकित झालो. संगणकातलं मला काही कळत नाही, असं म्हणालो.

"कळायला नको आहे सर. तुम्ही कोणाशी बोलतच नाही. तुमच्याकडे ठेवलेलं बाहेर जाणार कसं?"

स्वभावातल्या उणिवेचा उपयोग होऊ शकतो, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. माझा भाग म्हणजे साध्या शब्दांची एक ओळ होती, अर्थ न लागणारी, पाठ करण्यासाठी. ती कुठेही लिहायची नव्हती. मी ती सकाळी समुद्रावर फिरताना मनाशी म्हणत असे. एकदा बंदरावरच्या एका ओळखीच्या माणसाने माझ्या पत्नीला हळूच विचारलं, की सर हल्ली कोणता जप करतात.

दर शनिवारी दुपारी पेटी उघडत असे. पडद्यावर तीन चौकटी येत. पहिलीत मॅडम आपले शब्द भरत, दुसरीत मी, आणि गाईड मुंबईहून तिसरी भरत. ठरावीक वेळात तिन्ही भरल्या नाहीत तर पडदा आपोआप पुसला जाई आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मी एका बोटाने टंकतो. त्यामुळे कित्येक शनिवारी माझं बोट अर्ध्यावर असतानाच पडदा कोरा होई, आणि मॅडम न चिडता म्हणत, "पुन्हा." उघडल्यावर त्या संध्याकाळच्या बोटीपर्यंत काम करत, आणि निघताना सगळं पुन्हा बंद होई. बाहेर काहीही उरत नसे. हेही त्यांनीच ठरवलेलं होतं.

मग ते जूनचं वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि न पाहिलेल्यांना मला सांगता येणार नाही. एका दुपारी काही तासांत पिढ्यापिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ मोडते ती मध्येच, काडी मोडावी तशी. रस्ते मोकळे झाल्यावर मॅडम गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. जिथे आम्ही कवडसा जाण्याची वाट पाहत उभे राहायचो, तिथे सगळीकडे सारखं, सपाट ऊन पडलं होतं. मॅडमनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दाऊदभाई एका बुंध्यावर बसून होते. "आता फोटू काढा मॅडम," ते म्हणाले, "आता सावलीबिवली काय न्हाय." आणि मग तेच रडायला लागले.

पुन्हा लावलेली पोफळ फळायला कित्येक वर्षं जातात. म्हणजे त्या पेटीत जे होतं, ते आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात मॅडमच्या गाईडनी संस्था सोडली. शेतीमालाची खरेदी करणाऱ्या आणि त्यासाठी मोबाइलवरची ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत ते वरच्या जागेवर गेले. जाताना त्यांनी मॅडमना शुभेच्छा दिल्या. कागदोपत्री दुसरे गाईडही मिळवून दिले. आपला चावीचा भाग मात्र ते घेऊन गेले. प्रबंध पूर्ण होत आला होता. विद्यापीठाच्या समितीने कळवलं, की मूळ छायाचित्रं समितीसमोर पडताळून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारता येणार नाही. यात समितीचंही काही चूक नव्हतं. नोंदणीची मुदत संपत आली होती आणि तिला आणखी वाढ मिळणार नव्हती.

मॅडमनी जुन्या गाईडना फोन केला. ते आनंदाने तयार झाले. एकच अट होती. पेटी उघडली की छायाचित्रांची एक संपूर्ण प्रत, वाडीच्या आणि मालकाच्या नावांसकट, त्यांच्या कंपनीला द्यायची.

"नावं कशाला, सर?"

"नावाशिवाय त्या डेटाला किंमत काय? मॅडम, थोडं प्रॅक्टिकल व्हा. वाड्याच राहिल्या नाहीत, मग लपवायचं काय आहे?"

विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं, "मॅडम, तोडा ना ते. तुम्हाला काय अवघड?"

"तुटत नाही," मॅडम म्हणाल्या. "बघितलं मी. नीट बांधलंय." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं त्यात थोडा अभिमान होता, हे मी शपथेवर सांगेन. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी अगदी निर्दोष केली होती आणि आता त्या स्वतःच तिच्या बाहेर उभ्या होत्या. की आत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी सासूबाई रोज रात्री विचारायच्या, "दार लावलंस का गं?" मॅडमनी मला सांगितलं, की हल्ली त्या उत्तर देतात, "लावलं आई. इतकं लावलंय, की मलाच उघडत नाही." आणि सासूबाईंना त्याने खरंच बरं वाटतं.

आम्ही बसलो आणि विचार केला. पेटीतल्या एखाद्याच वाडीची छायाचित्रं बाजूला ठेवता आली असती का? नाही. उघडलं की सगळंच उघडतं. मग मॅडमनी ठरवलं, की ज्यांच्या वाड्या होत्या त्यांनाच विचारायचं. सगळे हो म्हणाले, तर गाईडची अट मान्य. आपण दिलेला शब्द ज्यांना दिला त्यांच्याकडूनच सोडवून घ्यायचा, याहून सरळ मार्ग नव्हता.

मॅडम सकाळच्या बोटीने येत, आणि दुपारपर्यंत शिकवून मग आम्ही दोघं घरोघर जात असू. दाऊदभाईंनी ऐकून घेतलंही नाही. "द्या हो मॅडम, देऊन टाका. झाडाच न्हायत तर रोग कोनाला?" बाकीचेही तसेच. काहींनी तर विचारलं, की इतकी चौकशी करण्यासारखं त्यात आहे काय. एकेक घर मागे पडत होतं आणि मॅडमच्या चालण्यात थोडा हलकेपणा येत होता. परतताना एका संध्याकाळी त्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत कोणतंसं गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांना गाताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटचं घर सुलभावहिनींचं. नवरा वादळाच्या आधीच गेला होता. वाडी त्याने हाताने लावलेली. आम्ही गेलो तेव्हा वहिनी अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवर काठी फिरवत होत्या, कुठून तरी वेचून आणलेल्या, थोड्याशा. दाऊदभाई आमच्याबरोबर आले होते. मॅडमनी सगळं सांगितलं, कंपनीचं, नावांचं, काही न वगळता.

वहिनींनी काठी खाली ठेवली. "त्यात माझी वाडी उभी हाय?"

"आहे."

"सगळी?"

"विहिरीपासून कुंपणापर्यंत."

"मंग न्हाय देत."

"अगो वहिनी," दाऊदभाई म्हणाले, "झाडाच न्हाय तर कोनता व्यापारी तुझा भाव पाडल?"

"भावाचं कोन बोलतंय, भाई? होतं ते सगळं वाऱ्यानं नेलं. ती येवढी एक वाडी ऱ्हायली, ती तरी माझी मला ऱ्हाऊ दे. परक्याच्या हातात कशाला द्यायची?"

मग वहिनींनी मॅडमकडे पाहून विचारलं, "का, तुमचं काय अडतंय काय त्यात?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. मी फारसा बोलत नाही, पण त्या वेळी बोलणार होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा तळहात फक्त वर आला.

"नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "माझं काही अडत नाही."

वहिनींनी चहा केला. मॅडमनी बशीत ओतून, सावकाश प्यायला. त्या दिवशी त्यांची बोट चुकली, आणि किनाऱ्यावरच्या एका कोळ्याने आपल्या होडीतून त्यांना पलीकडे सोडलं.

वाचक म्हणतील, इथे गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गाईडचा फोन आला. ते गोव्याला निघाले होते. वाटेत माणगावला अर्धा तास देऊ शकत होते. समोरासमोर बसून सोडवू, म्हणाले. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. आम्ही एस.टी.ने माणगावला गेलो.

हायवेवरच्या त्या हॉटेलात दुपारची गर्दी होती. गाईड प्रेमाने भेटले. माझीही चौकशी केली. लॅपटॉप उघडून त्यांनी मॅडमपुढे सरकवला आणि म्हणाले, "कितीजण हो म्हणाले?"

"एक सोडून सगळे."

"एक?" ते हसले. "मॅडम, एका बाईंसाठी इतक्या वर्षांचं काम? त्यांच्या वाडीचे फोटो आम्ही वापरणार नाही. झालं? माझा शब्द."

मला वाटतं, ते मनापासून बोलत होते. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि पहिली चौकट भरली. मग तो माझ्याकडे वळवला. त्या दिवशी एकही चूक न होता माझे शब्द उमटले. आता पडद्यावर दोन चौकटी भरलेल्या होत्या आणि तिसरी मोकळी. एवढ्या जवळ आम्ही गाईड कंपनीत गेल्यापासून कधी आलो नव्हतो. पलीकडे, त्या एका कोऱ्या चौकटीमागे, सगळ्या वाड्या उभ्या होत्या.

मी लॅपटॉप गाईडसमोर ठेवणार, तेवढ्यात मॅडमनी त्याच्या कडेवर दोन बोटं टेकवली. ढकलला नाही आणि ओढलाही नाही. बोटं फक्त तिथे राहिली. गाईड वाट पाहत होते. वेटरने तीन चहा आणून ठेवले. त्या पडद्याकडे पाहत होत्या, आणि मी त्यांच्याकडे. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, रागही नव्हता. वाडीत त्या उभ्या राहत तशाच त्या दिसत होत्या, काहीतरी सरकून जाण्याची वाट पाहत असल्यासारख्या.

"मॅडम?" गाईड म्हणाले.

पडदा पुसला गेला. तिन्ही चौकटी कोऱ्या झाल्या.

"वेळ संपली वाटतं," गाईड म्हणाले. "पुन्हा टाका."

मॅडमनी मान हलवली. लॅपटॉपचं झाकण हलक्या हाताने मिटून तो त्यांच्याकडे सरकवला. "चहा घ्या सर," त्या म्हणाल्या. "गार होईल. घाट लागेल तुम्हाला पुढे."

परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असाव्यात असं समजून मी काही विचारलं नाही. म्हसळ्याच्या जवळ आल्यावर, डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "सर, ते चांगले आहेत हो. पण चांगला माणूस नोकरी बदलतो. मग त्याचा शब्द कोणाकडे जातो?"

नोंदणी रद्द झाली. पुढच्या जूनला मॅडमचा आदेश आला नाही. कोणी मुद्दाम काही केलं असं नाही. पात्रतेची अट होती आणि ती त्या पूर्ण करत नव्हत्या. सामान न्यायला आल्या त्या दिवशी मी खोलीच्या दारात उभा होतो, आणि सवयीने आधी बाहेर सरकलो, त्यांना उठता यावं म्हणून. त्यांनी रंगपट्ट्या, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. ती पेटी, म्हणजे छायाचित्रांची डिस्क, कॉलेजच्या मालकीची. ती नेता येत नव्हती, आणि पुसून टाकायला त्यांचं मन झालं नाही. त्यांनी ती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात, खाऱ्या हवेपासून जपून ठेवली. पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतर त्या माहेरच्या गावी, दूर विदर्भात गेल्याचं आणि तिथल्या एका शाळेत मुलांना संगणक शिकवत असल्याचं ऐकलं. फोन करायचं मी बऱ्याचदा ठरवलं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच आहे.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या गावात गेलो होतो. सुलभावहिनींच्या कुंपणावरून आत पाहिलं. नव्या पोफळी माणसाच्या कमरेएवढ्या झाल्या होत्या. अजून सावलीला उपयोगी नाहीत. वहिनी पाइप धरून आळ्यात पाणी सोडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"मॅडम न्हाय आल्या?"

"त्या आता इकडे नसतात, वहिनी. लांब असतात."

"व्हय, मोठ्या झाल्या असतील. येवढं शिकल्याल्या." त्यांनी पाइप पुढच्या रोपाकडे वळवला. मी हो म्हणालो. माझं काही अडत नाही असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांचं म्हणणं खोटं पाडणं मला जमलं नसतं.

"आन माझी वाडी? ती हाय ना अजून त्यांच्या पेटीत?"

"आहे."

"कोनी बघितली न्हाय ना?"

"कोणालाच बघता येत नाही, वहिनी. मॅडमनासुद्धा."

"मंग ऱ्हाऊ दे तशीच," वहिनी समाधानाने म्हणाल्या. पुढच्या आळ्यात पाणी भरलं होतं. त्यांनी पाइप उचलला आणि त्या रांगेतल्या पुढच्या रोपाकडे गेल्या.